लायसन्स अधांतरी

गल्लीतले सगळे तिला नक्षीताई म्हणत. खाली नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान आणि वरच्या खोलीत तिचं काम, असा त्यांचा संसार बावीस वर्षं दोन मजल्यांवर चालला होता. पलंगपोसांच्या आणि पडद्यांच्या कापडासाठी ती नक्ष्या काढायची. काम कॉम्प्युटरवरचं. स्क्रीनवर बारीक चौकटींची जाळी असायची. तिच्यातली एक उभी रांग म्हणजे कापडातला एक उभा धागा. कुठला धागा कुठे वर यावा आणि कुठे खाली दडावा, हे एकेक चौकोन रंगवून सांगायचं. चारशे ऐंशी धाग्यांत एक नक्षी पुरी व्हायची आणि मग तीच कापडभर पुन्हा पुन्हा. झाली की ती नदीपलीकडच्या गिरणीला फाइल पाठवून द्यायची. काही दिवसांनी तिकडून हातभर कापडाचा नमुना यायचा. अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

कामाला बसली की ती या जगातली राहत नसे. दुपारी खिडकीतून ऊन टेबलावर उतरायचं, सरकत सरकत भिंतीवर चढायचं, आणि ती तेवढ्या वेळात एका नेच्याच्या पानावरून फार तर दोन बोटं पुढे गेलेली असायची. नवरा खालून तीन हाका मारायचा. चौथ्या हाकेला ती "आले" म्हणायची आणि तरीही यायची नाही.

जुना कॉम्प्युटर आता थकला होता. त्याचा पंखा धाप लागल्यासारखा वाजायचा, मधूनच सगळं काळं व्हायचं आणि ती हात जोडून बसायची. तिच्या भावाची मुलगी एका रविवारी आली ती आपला लॅपटॉप पिशवीत घालूनच. तिनं स्वतःसाठी नवा घेतला होता.

"आत्या, हा तू घे. चांगला चालतो. फक्त सिस्टीम वेगळी आहे, दोन दिवस अडखळशील."

भाचीनं तासाभरात सगळ्या फायली इकडून तिकडे नेल्या. नक्षीचा प्रोग्रॅम मात्र आला नाही.

"तो असा उचलून नेता येत नाही," ती म्हणाली. "त्याचं लायसन्स एका मशीनला बांधलेलं असतं. आणि या सिस्टीमसाठी प्रोग्रॅमच निराळा बनवलेला आहे. कंपनीला फोन कर, ते बदलून देतील."

"म्हणजे चष्म्यासारखं," नवरा दारातून म्हणाला. "नंबर तोच, फ्रेम बदलायची."

"नाही हो काका. नंबरसुद्धा त्यांच्याकडे परत द्यायचा आणि नवा मागून घ्यायचा."

"मग मधल्या वेळात माणसानं बघायचं कशानं?"

भाची हसली आणि निघून गेली. तिला वाटलं, काका नेहमीसारखी थट्टाच करताहेत.

बुधवारी दुपारी नक्षीताईनं कंपनीला फोन लावला. कंपनी लहानशी होती. पलीकडची बाई इतकी हळू बोलत होती की जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं. तिनं एकेक पायरी सांगितली. जुन्या मशीनवर प्रोग्रॅम उघडा. मदतीच्या यादीत शेवटी 'लायसन्स परत करा' असं आहे, ते दाबा. चोवीस अक्षरं येतील, ती मला वाचून दाखवा.

नक्षीताईनं बाण त्या ओळीवर नेला आणि थांबली. उगीचच खिडकीबाहेर बघितलं. मग दाबलं.

स्क्रीनवर चोवीस अक्षरं आली आणि खाली एक ओळ: हा प्रोग्रॅम यापुढे फक्त पाहण्यासाठी उघडेल. तिनं अक्षरं वाचून दाखवली. पलीकडे बराच वेळ नुसती बटणांची टकटक ऐकू आली.

"मॅडम, परत आल्याची नोंद झाली. आता एका सिस्टीमवरून दुसरीवर द्यायचं ते आमचे एक साहेब स्वतः बघतात. ते रजेवर आहेत. मंगळवारी येतील."

"मंगळवारी? अहो, मी तर आत्ताच परत केलं!"

"हो. मी आधी विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

ती इतक्या सरळपणे बोलली की नक्षीताईला रागावता येईना. "मग आत्ता ते आहे तरी कुठे?"

बाईनं खरोखरच विचार केला असावा. "जुन्या मशीनवर नाही. नव्यावर नाही. आमच्याकडे नोंद आहे, पण तसं बघितलं तर आमच्याकडेही नाही. अधांतरी म्हणा ना." आणि तिचं तिलाच हसू आलं.

नक्षीताईनं फोन ठेवला. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तापात होती तेव्हासुद्धा तिनं चार पानं रंगवली होती.

गुरुवारी तिनं जुना कॉम्प्युटर लावला आणि नक्ष्या नुसत्या बघत बसली. नेचे, लाटा, जिन्यासारखी वर चढत जाणारी पाखरं, ढगांच्या कडा. सवयीनं बोट पुढे व्हायचं, चौकोनावर टेकायचं, आणि काहीच व्हायचं नाही. प्रत्येक पान होतं तिथेच, तिनं ठेवलं होतं तसंच, पण काचेपलीकडे गेल्यासारखं. पंख्याच्या त्या धापेत तिचा डोळा लागला. स्वप्नात ती एका लांबच लांब कापडावरून चालत होती. पावलाखाली धागे मऊ लागत होते, आणि ती जिथे पाय ठेवील तिथली नक्षी पुसट होत होती. घाबरायला झालं नाही, याचंच तिला जाग आल्यावर जास्त नवल वाटलं.

"बरं वाटत नाही का?" नवऱ्यानं विचारलं.

"छान वाटतंय. तेच तर कळत नाही."

शुक्रवारी सकाळी ती बाहेर पडली. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. नदीवर धुकं बसलं होतं आणि पुलाचं दुसरं टोक दिसत नव्हतं, म्हणून ती ते दिसेपर्यंत चालत गेली. टोक आलं, मग रस्ता आला, मग विटांची लांब भिंत आली आणि भिंतीमागून एक घरघर. गिरणी. अकरा वर्षांत ती इथे फक्त दोनदा आली होती, आणि दोन्ही वेळा ऑफिसात खुर्चीवर बसून परत गेली होती. तिचं कापड कुठे, कसं विणलं जातं हे तिनं कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. नमुना येत होता, चांगला येत होता. बघायचं काय त्यात?

फाटकावरच्या माणसाला तिनं नाव सांगितलं. तो म्हणाला, "मास्तरांना भेटा. तुमच्या नक्ष्या तेच विणतात."

आत गेल्यावर कान भरून गेले. दोन्ही बाजूंना माग, आणि आवाज इतका की तो ऐकू येण्याऐवजी अंगाला लागत होता. वरच्या काचांतून ऊन तिरकं पडलं होतं आणि त्यात कापसाचा भुगा तरंगत होता, खाली येण्याची घाई नसल्यासारखा. माणसं एकमेकांशी ओठांनी आणि बोटांनी बोलत होती. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. तिला वाटलं, आपण अजून गुरुवारच्या झोपेतच आहोत.

मास्तर साठीचे, सडपातळ, केसांवर पांढरा भुगा बसलेला. तो झटकला तरी केस पांढरेच राहणार होते. त्यांनी तिला ओळखलं नाही, ओळखणार कसं? तिनं मागावर चाललेल्या कापडाकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःकडे. मास्तरांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी माग थांबवला आणि तिला शेजारच्या काचेच्या खोलीत नेलं. दार लागल्यावर आवाज एकदम दूर गेला.

"तुम्ही! म्हणजे एक धागा जास्तवाल्या ताई तुम्हीच!"

"कसला धागा?"

मास्तर गोंधळले. त्यांना वाटलं, ती थट्टा करतेय. मग त्यांनी तिथल्या छोट्या स्क्रीनवर तिची एक फाइल उघडून दाखवली. चारशे एक्याऐंशी. तिनं दुसरी उघडायला सांगितली. चारशे एक्याऐंशी. प्रत्येक नक्षीचा शेवटचा उभा धागा दोनदा आलेला.

"असाच विणला तर कापडभर रेघा दिसतात," मास्तर म्हणाले. "जिथे नक्षी संपून पुन्हा सुरू होते, तिथे शिवण घातल्यासारखी. मग मी तो शेवटचा काढून टाकतो आणि चढवतो. काही नाही, एक बटण."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"अकरा वर्षं?"

"झाली असतील तेवढी."

तिच्या स्क्रीनवर कायम चारशे ऐंशीच असत. फाइल मागासाठी बाहेर काढताना तो जुना प्रोग्रॅम गुपचूप एक धागा वाढवत होता आणि तिला पत्ताच नव्हता. तिचा चेहरा उतरला. दरवेळी नमुना हातात घेऊन, नखानं जोड शोधून, तो सापडत नाही म्हणून ती मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायची.

"मला कधी सांगितलं का नाहीत?"

"पहिल्यांदा ऑफिसात सांगितलं होतं. तिथले म्हणाले, त्या बाई कलाकार आहेत, त्यांना धाग्याचं काही बोलू नका, रुसतील." मास्तर ओशाळून हसले. "मग मला वाटलं, ही तुमची खूण असेल. बाकी कुणाच्या फाइलला असा धागा नसतो. फाइल उघडली की शेवटी तो दिसायचा आणि मला कळायचं, ताईंची आली. नाव वाचावं लागायचं नाही."

आपल्या इतक्या वर्षांच्या कामात एक परका हात होता, याचं नक्षीताईला आधी वाईट वाटलं. मग लाज वाटली. आणि त्या दोन्हींच्या खालून हळूहळू एक वेगळंच काहीतरी वर आलं, उबदार. जिला ती रिकामी खोली समजून इतकी वर्षं फायली पाठवत होती, तिथे कुणीतरी तिची वाट बघत बसलेलं होतं.

"पुढच्या वेळेपासून मीच काढून पाठवीन," ती म्हणाली.

"राहू द्या हो ताई. हाताला सवय झालीय. तुम्ही काढलात आणि मीही काढला तर पंचाईत."

ठरलं तसंच. तिनं त्यांना लायसन्सची गोष्ट सांगितली, अधांतरी दिवसांची, आणि मास्तर म्हणाले, "चांगलंय की. माग बंद असला की मलाही घरातल्या भिंतींचा रंग दिसतो." मग ते कापडाकडे गेले आणि ती दिवसभर तिथेच राहिली. दुपारच्या उन्हात तिची पाखरं एकेक ओळ करून मागातून वर येताना तिनं बघितली. आधी शेपटी, मग पोट, मग पंख. डोळा सगळ्यांत शेवटी येत होता, आणि तो आला की पाखरू पाहू लागायचं. हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं तर डोळा नेहमी आधी काढला होता.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भिंगावर फडकं फिरवत ऐकत होता.

"म्हणजे इतकी वर्षं तुझा चष्मा तो माणूस पुसत होता," तो म्हणाला, "आणि तू म्हणत होतीस, मला किती स्वच्छ दिसतं."

"टोचून बोलायलाच हवं का?"

"टोचत नाही गं. बरं वाटलं मला. वरती एकटीच बसतेस असं वाटायचं."

शनिवार, रविवार, सोमवार तिनं फार काही केलं नाही. नदीकाठी लव्हाळी वाढली होती, ती बघत बसली. दुकानात नवऱ्याशेजारी बसली आणि लोक नवा चष्मा घालून पहिल्यांदा बाहेर बघतात तेव्हा त्यांचे चेहरे कसे होतात ते बघितलं. मंगळवारी दहा वाजता फोन आला. तीच हळू बोलणारी बाई; आज तर तिच्या आवाजात आनंदच होता. साहेबांनी मंजुरी दिली होती. नव्या सिस्टीमचा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला तासभर लागला, मग तिनं नवी चोवीस अक्षरं एकेक करून भरली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा प्रोग्रॅम उघडला, आणि चौकटींची ती ओळखीची जाळी समोर आली. लॅपटॉप मुळीच वाजत नव्हता. त्या शांततेत तिला स्वतःचा श्वास ऐकू आला.

तिनं लव्हाळी काढायला घेतली. दहा दिवसांत नक्षी पुरी केली आणि पाठवून दिली.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी फोन वाजला. मास्तरांनी तिला फोन करण्याची ही पहिलीच वेळ. मागून मागांचा आवाज नव्हता.

"ताई," ते म्हणाले, "तुमचा धागा आला नाही."

तिला क्षणभर कळलं नाही, आणि मग एकदम कळलं. प्रोग्रॅम नवा, सिस्टीम नवी, आणि तो जुना दोष मागेच राहून गेला होता. फाइल नीट चारशे ऐंशीची गेली होती. मास्तरांनी हाताच्या सवयीनं शेवटचा धागा काढला आणि चारशे एकोणऐंशीवर कापड चढवलं. चाळीस मीटर विणून झाल्यावर त्यांनी मान वर करून बघितलं, तर प्रत्येक जोडावर एक लव्हाळं मधूनच कापल्यासारखं दिसत होतं.

ती धावतच गेली. पुलावरून जाताना आज दोन्ही टोकं लख्ख दिसत होती आणि अंतर संपता संपत नव्हतं. ऑफिसात व्यवस्थापक टेबलामागे बसले होते, समोर मास्तर उभे. मास्तरांचा चेहरा बघून तिला गलबलून आलं. चाळीस वर्षं मागावर काढलेल्या माणसाचं कापड पहिल्यांदा वाया गेलं होतं.

"चूक माझी," ती आत येता येताच म्हणाली. "मी कॉम्प्युटर बदलला आणि काय बदललं ते कळवलं नाही."

"त्यांचं काही ऐकू नका," मास्तर म्हणाले. "फाइल बरोबर होती. आकडा मी वाचला नाही."

"तुम्ही का वाचाल? माझ्या फाइलला नेहमी जास्तच असतो!"

"पण वाचायला हवा होता!"

व्यवस्थापकांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "मला एक सांगा," ते म्हणाले, "इथे चूक आपली नाही म्हणून भांडतात लोक. तुमचं उलटं काय चाललंय? आणि हा जास्तीचा धागा कसला, हे मला अकरा वर्षांत कुणी सांगितलं कसं नाही?"

तिघंही कापड बघायला आत गेले. ते लांब टेबलावर पसरलं होतं, हिरवं आणि करडं, आणि रुंदीत तीन ठिकाणी ती बारीक रेघ वरपासून खालपर्यंत गेलेली. पलंगपोस म्हणून ते कुणी घेतलं नसतं. नक्षीताईनं रेघेवरून बोट फिरवलं. हाताला काहीच लागत नव्हतं, डोळ्यांना मात्र चुकवता येत नव्हतं.

मास्तरांनी कापड एका रेघेवर दुमडलं, दुसऱ्या रेघेवर दुमडलं आणि म्हणाले, "दोन रेघांच्या मधे नक्षी पुरी आहे. इथे कापलं तर रेघ शिवणीत जाईल. उशांचे अभ्रे होतील."

व्यवस्थापकांनी पट्टीनं रुंदी मोजली. मान डोलावली. "होतील," ते म्हणाले, आणि जाता जाता वळून बोलले, "यापुढे मात्र नक्षी मागावर चढण्याआधी तुम्ही दोघांनी एकत्र बसून बघायची. माझ्यावर उपकार करा."

तेव्हापासून दर गुरुवारी नक्षीताई लॅपटॉप पिशवीत घालून पूल ओलांडते. जुना कॉम्प्युटर टेबलाला खिळलेला होता. त्याला घेऊन कुठे जाता आलं नसतं. काचेच्या खोलीत तिच्यासाठी एक टेबल ठेवलं आहे. मास्तर तासातासानं आत येतात, केस झटकतात आणि तिच्या खांद्यावरून बघतात. पहिले काही आठवडे ते फक्त आकड्यांचं बोलत. इथे धागा फार वेळ वरती राहतोय, अडकेल. इथे दोन चौकोन कमी करा. ती करायची.

मग एका गुरुवारी ते जरा जास्तच वेळ मागे उभे राहिले. ती गवताची नवी नक्षी काढत होती.

"बोला," ती न वळता म्हणाली.

"माझं काम नाही ते."

"बोला हो."

"सगळी पाती एकाच बाजूला झुकलीत. मागावर बसून बसून कंटाळा येईल मला."

नक्षीताईनं हात थांबवला. वाऱ्यातलं गवत ती वीस वर्षं असंच काढत आली होती. "वारा एकाच बाजूनं येतो मास्तर," ती म्हणाली.

"येतो. पण आमच्या घरामागे गवत आहे. वारा गेल्यावर एखादं पातं उशिरा उठतं. सगळी सरळ झाली तरी ते आपलं खालीच. मग सावकाश येतं वर."

काचेबाहेर माग चालू होते आणि आत त्यांची फक्त थरथर येत होती. तिनं डोळे मिटून ते पातं बघितलं. सगळं शांत झाल्यावर एकटंच वर येणारं. मग तिनं खुर्ची थोडी बाजूला सरकवली.

"बसा इथे," ती म्हणाली. "कुठलं पातं, ते दाखवा."

मास्तरांनी आधी हात धोतरावर पुसावे तसे पँटवर पुसले, स्टूल ओढलं, आणि जाळीवर एक बोट हळूच टेकवलं.